स्टॉकहोमचा प्रश्न, गावाचे उत्तर

आंतरराष्ट्रीय परिषद म्हटली की सामान्य नागरिकाच्या मनात एक सौम्य उपहास जागा होतो. देशोदेशीचे प्रतिनिधी जमतात, भाषणे होतात, मसुद्यातील एकेका शब्दावर रात्र रात्र खल होतो आणि अखेरीस एक जाहीरनामा संमत करून मंडळी आपापल्या राजधानीस परततात. इकडे नद्या काळवंडत राहतात आणि डोंगर बोडके होत राहतात. निसर्गसंरक्षणाविषयीच्या परिषदांच्या वाट्याला तर हा उपहास विशेषच आलेला आहे. तो सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणवत नाही. पण तेवढ्यावर थांबणेही योग्य नव्हे. भारतापुरते बोलायचे तर अशा एका परिषदेने आपल्या पर्यावरणविषयक कायद्यांना पाया दिला, आणि त्याच परिषदेत भारताच्या पंतप्रधानांनी विचारलेला एक प्रश्न अर्धशतक उलटून गेल्यावरही आपली पाठ सोडावयास तयार नाही. तो प्रश्न काय होता, त्याचे पुढे काय झाले आणि त्याचे उत्तर कोणी दिले, हे पाहण्याची वेळ पुन्हा आली आहे; कारण जगातील तीस टक्के भूमी राखून ठेवण्याचा संकल्प आता राष्ट्रांनी सोडला आहे, आणि ही तीस टक्के भूमी निर्मनुष्य नाही.

परिषद आणि तिच्यामागील संशय

५ ते १६ जून १९७२ या काळात स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. ११३ राष्ट्रे तीत सहभागी झाली. पूर्व जर्मनीस समान स्थान न मिळाल्याच्या निषेधार्थ सोव्हिएत संघ आणि त्याची मित्रराष्ट्रे दूर राहिली; उलट संयुक्त राष्ट्रसंघात नुकताच प्रवेश मिळालेला चीन मात्र आवर्जून आला. परिषदेची मूळ कल्पना स्वीडनची. इंग्लंड आणि युरोपखंडातील कारखान्यांच्या धुराड्यांतून निघालेले गंधक वाऱ्याबरोबर येऊन आपल्या तळ्यांचे पाणी आम्ल करीत आहे, ही तक्रार त्या देशाने परिषदेपुढे साधार मांडली. पारा पोटात जाऊन जन्माची व्याधी जडलेले जपानमधील मिनामाताचे रुग्ण त्या दिवसांत स्वतः स्टॉकहोमला आले होते. जगाला आपले शरीर दाखविणे एवढेच त्यांचे भाषण होते.

नवस्वतंत्र राष्ट्रांच्या मनात मात्र या साऱ्या उपक्रमाविषयी गाढ संशय होता. दोनशे वर्षे कोळसा जाळून, वसाहती लुटून आणि जंगले तोडून जे संपन्न झाले, तेच आता आम्हांला धुराचे तोटे समजावून सांगणार काय, असा त्यांचा सवाल होता. आमच्या विकासाला लगाम घालण्याचा हा नवा बहाणा तर नव्हे? या संशयाचे निरसन करण्यासाठी परिषदेच्या आदल्या वर्षी, १९७१ च्या जूनमध्ये, स्वित्झर्लंडमधील फूने येथे तज्ज्ञांची बैठक झाली. संपन्न देशांचे पर्यावरणाचे दुखणे विकासाच्या अतिरेकातून आलेले आहे आणि दरिद्री देशांचे दुखणे विकासाच्या अभावातून, असा विवेक तेथे करण्यात आला. स्टॉकहोमला जाण्याचा मार्ग या विवेकाने मोकळा झाला.

प्रश्नाचे विधान झाले

१४ जून रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांचे भाषण झाले. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज परिषदेस उपस्थित राहिलेल्या त्या एकमेव शासनप्रमुख होत्या, ही गोष्ट त्या काळी इतर राष्ट्रांनी या विषयाला किती किंमत दिली होती हेही सांगून जाते. भाषणात त्यांनी अथर्ववेदातील भूमीच्या स्तवनाचे स्मरण केले आणि त्याच भाषणात दारिद्र्य व गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नव्हेत काय, असा प्रश्न विचारला.

हे वाक्य पुढे जगभर गाजले. मात्र गाजताना त्याचे प्रश्नचिन्ह गळून पडले. 'दारिद्र्य हेच सर्वांत मोठे प्रदूषण' असे ठाम विधान होऊन ते सभासंमेलनांत, सरकारी अहवालांत आणि शालेय निबंधांत फिरू लागले. वाक्यातील एका चिन्हाने पडलेला हा फरक लहान नव्हे. मूळ भाषणात त्या प्रश्नाला लागून असलेला विचार असा होता की, जंगलात व जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आदिवासींना रोजगार आणि दैनंदिन गरजा भागविण्याचे साधन जोवर आपण देऊ शकत नाही, तोवर अन्नासाठी रान धुंडाळण्यापासून त्यांना रोखता येणार नाही. ज्यांना स्वतःलाच वंचित वाटते त्यांना प्राणी वाचवा असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणजे प्रश्नाचा रोख वंचितांकडे बोट दाखविण्याचा नव्हता. तो राज्यकर्त्यांच्या आणि संपन्न राष्ट्रांच्या कर्तव्याकडे होता. विधान झाल्यावर मात्र तेच वाक्य दोन हेतूंसाठी वापरले गेले. कारखाना उभारणाऱ्याला त्यात आधार सापडला, कारण दारिद्र्य हटविणारा कोणताही धूर मग पुण्यकर्मच ठरतो. आणि जंगलाला कुंपण घालणाऱ्यालाही त्यात आधार सापडला, कारण मोळीवाली बाई आयतीच प्रदूषक ठरली.

मूळ प्रश्नातही एक उणीव होती, हे नम्रपणे नोंदविले पाहिजे. रानात राहणारा मनुष्य गरजेपोटी रान ओरबाडतो एवढेच त्यात गृहीत होते. तोच मनुष्य रानाचा राखणदार असू शकेल, ही शक्यता त्या विचारात दिसत नाही. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे ही उणीव भरून काढण्याचा इतिहास होय.

राज्यघटनेचा एक दुर्लक्षित अनुच्छेद

स्टॉकहोमने काय साधले? २६ तत्त्वांचा जाहीरनामा आणि १०९ शिफारशींचा कृतिआराखडा संमत झाला. नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाचे मुख्यालय आले. परिषदेचा आरंभदिन, ५ जून, पर्यावरण दिन झाला. व्यापारी देवमाशांची शिकार दहा वर्षे थांबवावी, अशी शिफारस तेथे झाली होती. ती शिकार थांबविण्याचा निर्णय संबंधित आयोगाने १९८२ मध्ये घेतला. स्वीडनच्या तळ्यांची तक्रार १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणावरील कराराच्या रूपाने फळास आली. परिषदांचे बीज रुजण्यास सात ते दहा वर्षे लागतात, असा धडा यातून घेता येईल.

भारतात हे बीज एका अनपेक्षित ठिकाणी रुजले. आपल्या राज्यघटनेच्या २५३ व्या अनुच्छेदानुसार एखादा आंतरराष्ट्रीय करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेत झालेला निर्णय अंमलात आणण्यासाठी संसदेला देशभर लागू होणारा कायदा करता येतो; विषय राज्यांच्या सूचीतील असला तरीही. पाणी हा राज्यांचा विषय. महाराष्ट्राने तर जलप्रदूषण प्रतिबंधाचा आपला कायदा स्टॉकहोमच्याही आधी, १९६९ मध्ये केला होता. १९७४ चा केंद्रीय जलप्रदूषण कायदा करताना संसदेला राज्यांच्या ठरावांची वाट पाहावी लागली. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याच्या वेळी मात्र ही वाट पाहावी लागली नाही. त्याच्या उद्देशिकेतच स्टॉकहोम परिषदेचा आणि तीतील भारताच्या सहभागाचा उल्लेख करण्यात आला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उद्देशिकेत तोच उल्लेख आहे आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात स्टॉकहोमच्या जोडीला रिओ परिषदेचेही नाव आले आहे. मधल्या काळात, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. ज्या जाहीरनाम्याला आपण कागद म्हणून हसतो, तो आपल्या संसदेच्या कायद्यात अशा रीतीने उतरला आहे.

परंतु याच यशात एक वैगुण्य दडलेले होते. परिषदेत राष्ट्रे बोलतात. तेथून येणारी सत्ता राजधानीत उतरते आणि बहुधा तेथेच मुक्काम करते. बेचाळिसाव्या दुरुस्तीने वने राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत नेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानांच्या सीमेतील वहिवाटीचे हक्क संपविण्याची तरतूद केली. १९८६ च्या कायद्याने तर केंद्र सरकारला जवळजवळ सर्वाधिकार दिले. तो कायदा झाला भोपाळनंतर; २ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री हजारोंच्या श्वासांत विष कालविणारी वायुगळती दारिद्र्याने केलेली नव्हती. तरीही सत्तेची रचना बदलली ती एवढीच, की गावाच्या आणि वस्तीच्या माथ्यावर आणखी एक वरचा अधिकारी आला.

राजधानीकेंद्रित संरक्षणाने काहीच साधले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाने आपला वाघ वाचविला. १९७२ च्या गणनेत १,८२७ वाघ होते. २०२२ चा अंदाज ३,६८२ आहे. मोजण्याच्या रीती भिन्न असल्या तरी वाघ नामशेष होण्याची भीती टळली, हे नाकारता येणार नाही. आरंभीच्या नऊ व्याघ्रक्षेत्रांत आपले मेळघाट होते आणि तेथील कोरकूंच्या काही गावांना पुढे आपले घरदार सोडून उठावे लागले. वाघाची किंमत कोणी दिली, हे गणनेच्या तक्त्यात लिहिलेले नसते. शिवाय पहारा आणि कुंपण असूनही राजस्थानातील सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर नेमलेल्या कृतिदलाने, भोवतालचे लोक विरोधात असताना वाघ वाचविता येणार नाही, असाच निष्कर्ष काढला.

राखणदारांचा साक्षीपुरावा

स्टॉकहोमनंतर एक वर्षही पुरते उलटले नव्हते, तोच त्या प्रश्नाचे पहिले उत्तर गढवालातून आले. १९७३ च्या एप्रिलमध्ये मंडल गावच्या लोकांनी क्रीडासाहित्य बनविणाऱ्या कंपनीला दिलेली झाडे तोडू दिली नाहीत. शेतीच्या अवजारांसाठी तीच झाडे मागणाऱ्या स्थानिक सहकारी संस्थेला ती नाकारण्यात आली होती. पुढल्या वर्षी रेणी येथे गौरादेवींच्या नेतृत्वाखाली स्त्रिया झाडांच्या आणि कुऱ्हाडींच्या मध्ये उभ्या राहिल्या. या स्त्रिया दरिद्री होत्या. पण त्या प्रदूषक नव्हत्या. जंगल गेले की दरड येते, ओढा आटतो आणि चाऱ्यासाठीची पायपीट दुप्पट होते, हे त्यांना कोणत्याही परिषदेने शिकविलेले नव्हते.

जगाच्या व्यासपीठावर हे शहाणपण पोहोचावयास वीस वर्षे लागली. १९९२ च्या रिओ परिषदेने आपल्या जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वात असे मान्य केले की, पर्यावरणाचे प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागानेच नीट सुटतात आणि त्यासाठी त्यांना माहिती, निर्णयातील वाटा व दाद मागण्याचा मार्ग मिळाला पाहिजे. जैवविविधतेच्या करारातील आठव्या अनुच्छेदाने स्थानिक समाजांच्या पारंपरिक ज्ञानाला मान दिला. आपल्याकडे १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, २००२ मध्ये जैवविविधता कायदा आणि २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली या शेवटच्या कायद्याच्या उद्देशिकेतच देण्यात आली आहे, आणि जंगलाचे रक्षण करण्याचा हक्क व अधिकार त्याने ग्रामसभेला दिला आहे.

या कायद्याची खरी परीक्षा महाराष्ट्रातच झाली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटेसे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्याची घोषणा सुपरिचित आहे. तिच्यामागे देवाजी तोफा यांच्यासारख्यांनी घडविलेली, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयापूर्वी अभ्यास करण्याची दीर्घ परंपरा आहे. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क गावाला २००९ मध्ये मिळाला. गावाने बांबू विकावयास काढला तेव्हा वनखात्याने वाहतुकीचा परवाना देण्याचे नाकारले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. १९२७ च्या वनकायद्याच्या व्याख्येत मात्र ते झाड होते. आणि २००६ च्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले होते. या शब्दच्छलात गावाचा हक्क अडकून पडला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एक पुस्तक गावात येण्यासाठी दिल्ली व मुंबई, दोन्ही सरकारांना गावात यावे लागले!

पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. डोंगर हा आमचा देव आहे आणि पाण्याचा स्रोतही आहे, अशी डोंगरिया कोंधांची भूमिका होती. स्टॉकहोमच्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल? जे सर्वांत दरिद्री, त्यांनीच डोंगर राखला.

तीस टक्के कोणाचे?

१९ डिसेंबर २०२२ रोजी मॉन्ट्रियल येथे जैवविविधतेच्या करारातील राष्ट्रांनी २३ उद्दिष्टे संमत केली. २०३० पर्यंत भूमी, गोडे पाणी आणि समुद्र यांचा किमान तीस टक्के भाग संरक्षित करावयाचा, हे त्यांतील तिसरे व सर्वांत गाजलेले उद्दिष्ट. मूळनिवासी व स्थानिक समाजांच्या हक्कांचा आदर राखून हे करावे, असे त्याच वाक्यात म्हटले आहे. २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे या समाजांसाठी कराराच्या यंत्रणेत कायमस्वरूपी मंडळ स्थापण्याचा निर्णय झाला आणि भारतानेही तेथे आपला सुधारित राष्ट्रीय आराखडा सादर केला. शब्द उत्तम आहेत. भीती एवढीच की, स्टॉकहोमचे प्रश्नचिन्ह जसे वाटेत गळाले, तसे या वाक्याचे उत्तरार्धही वाटेत गळून केवळ तीस हा आकडा दिल्लीस पोहोचेल.

ही भीती निराधार नाही. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनजमीन वळविताना वनहक्कांची पूर्तता तपासण्याची जबाबदारी राज्यांकडे ढकलली. २०२३ मध्ये वनसंवर्धनाचा आणि जैवविविधतेचा असे दोन्ही कायदे बदलण्यात आले आणि दोन्ही वेळी सूट देण्याकडे कल दिसला. पश्चिम घाटाचे उदाहरण तर आपल्या दारातलेच आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल देताना, कोणते क्षेत्र किती जपावे याचा विचार ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता. तो अहवाल बाजूला ठेवून दुसरी समिती नेमण्यात आली. २०१४ पासून मसुद्यांमागून मसुदे निघाले. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा सहावा होता. गावाला विचारावयाचे नाही आणि गावाच्या विरोधाचे निमित्त सांगून निर्णयही घ्यावयाचा नाही, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: ग्रामसभा काय सर्वज्ञ आहेत? तेथे जातीचा दाब नसतो काय, ठेकेदाराचा पैसा पोहोचत नाही काय? आक्षेप खरा आहे. प्रत्येक गाव मेंढा नाही. परंतु हाच आक्षेप खात्यांना, मंत्रालयांना आणि तज्ज्ञ समित्यांनाही लागू पडतो. तेथील निर्णय बंद दाराआड होतात आणि त्यांची चूक पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागते. ग्रामसभेतील चूक निदान सर्वांच्या डोळ्यांदेखत होते व तिचे फळ चूक करणाऱ्यालाच भोगावे लागते. म्हणून उपाय ग्रामसभेला वगळण्याचा नसून तिला माहिती, वेळ आणि नकाराचा अधिकार देण्याचा आहे. केंद्राच्या कायद्याची गरज त्यामुळे संपत नाही. नदी अनेक गावांतून वाहते, हवेला शीव नसते आणि कारखान्याच्या मालकापुढे एकटे गाव दुबळे ठरते. राजधानीने किमान मर्यादा घालून द्यावी. त्या मर्यादेच्या आत रक्षणाचा अधिकार गावाचा असावा. परिषद, संसद आणि ग्रामसभा ही एकाच साखळीची तीन कडी आहेत. पहिली दोन जोडण्याचे काम २५३ व्या अनुच्छेदाने केले. तिसरे कडे अजून बहुतांश ठिकाणी लोंबतेच आहे.

२०३० दूर नाही. तीस टक्क्यांचा हिशेब जमविण्यासाठी नकाशे निघतील, रंग भरले जातील, सीमा आखल्या जातील. त्या सीमा आखण्यापूर्वी सरकारने एवढेच करावे: ज्या जंगलावर ग्रामसभांचा सामूहिक हक्क कायद्याने सिद्ध होऊ शकतो, तेथे तो आधी द्यावा आणि मग त्या गावांना विचारावे की, तुमच्या राखणीतले हे रान आम्ही जगापुढे देशाचे म्हणून मोजू काय? पुष्कळ गावे होकार देतील. काही नाही म्हणतील आणि त्यांच्या नकाराचाही मान राखावा लागेल. स्टॉकहोमच्या व्यासपीठावरून भारताने जगाला प्रश्न विचारला होता. आता तो आपल्याच गावांना, प्रश्नचिन्हासह, विचारण्याचे धैर्य दिल्लीने आणि मुंबईने दाखवावे.